दोन पाडव्यांचं गाव

जुन्या खेळाचा रीमेक येतोय असं कळलं की आधी माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि मग आनंद होतो. अनुभवच तसा आहे. कंपन्या जुना व्हिडिओ गेम हातात घेतात, त्यातले रस्ते ओले करून चकचकवतात, माणसांच्या गालावरची छिद्रं मोजता येतील इतकं बारीक काम करतात आणि ज्या गोष्टीसाठी लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला होता, नेमकी तीच दुरुस्त करून टाकतात. खेळाडूला अक्कल नाही असं धरून चालतात आणि चढायच्या प्रत्येक शिडीला पिवळा रंग फासतात. वर जुना खेळ दुकानातून गुपचूप काढून घेतात, म्हणजे तुलना करायचीही सोय उरत नाही. या सगळ्यावर मी मराठीत एक चॅनल चालवते. ऐकणारे थोडे आहेत, भांडणारे पुष्कळ.

पण मी रीमेकच्या विरोधात नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही. जुन्या खेळात जीव कुठे आहे हे ज्याला कळतं आणि तरीही जो त्याला हात लावायचं धाडस करतो, त्याला मी मनापासून मानते. असा एक माणूस मला इथे चेन्नईत भेटला. त्यांचं नाव राघोत्तम. घराणं तंजावरकडचं मराठी. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने, शेषाद्रीने, मिळून ‘अक्करै’ नावाचा खेळ बनवला होता.

अक्करै म्हणजे तमिळमध्ये पलीकडचा काठ. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट मिळणाऱ्या सीडीवर तो अकोल्याला आमच्या घरी आला, तेव्हा मी आठवीत होते. कावेरीच्या काठावरचं एक गाव. तुम्हाला जमिनीचा तुकडा मिळतो, भात लावायचा, शेळ्या सांभाळायच्या, गावातल्या माणसांशी बोलायचं. दहा वर्षं झाली की खेळ संपतो. बाजार नदीच्या पलीकडे, त्यामुळे रोज नावेतून जायचं, आणि नाव चालवायला एक म्हातारा. तमिळमध्ये नावेला ओडम् म्हणतात, आजोबांना ताता. आम्ही सगळे त्याला ओडताता म्हणायचो. तो कधी बोलायचा नाही. नुसता वल्हवायचा आणि मधूनच पाण्याकडे बोट दाखवायचा, की तिथे मासा उडायचा.

या गावात एक गंमत होती. नवं वर्ष वर्षातून दोनदा यायचं. आधी पाडवा, मग थोड्याच दिवसांनी तमिळ नवं वर्ष. आणि दोन्ही वेळा गावातल्या प्रत्येकाचं वय एक वर्षाने वाढायचं. शेळ्या चरायला नेणारी चिमुरडी पाहता पाहता लग्नाला यायची. शाळामास्तर तुमच्या डोळ्यांदेखत पांढरे व्हायचे. तुमचं भात मात्र आपल्या गतीनेच पिकायचं. आम्हाला वाटायचं, खेळ बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलंय. आपण कामात असतो आणि माणसं भराभर म्हातारी होतात, हे सांगायची ही त्याची पद्धत आहे.

आणि मग सहावं वर्ष यायचं. पाडव्याच्या पहाटे तुम्ही माल घेऊन काठावर जाता, तर नाव बांधून ठेवलेली. ताता नाही. ना संगीत, ना पाटी, ना कुणाचं भाषण. गावात चौकशी केली की कळतं, रात्री गेला. तुम्ही हातात वांग्याची टोपली घेऊन तिथे उभे. मी इतके खेळ खेळले, कोट्यवधी खर्चून बनवलेले खेळ खेळले, पण कुठल्याही खेळात इतकं खरं मरण मी पाहिलेलं नाही.

पुढे इंटरनेटवर ‘अक्करै’चे वेडे एकमेकांना सापडले. कोइंबतूरचे, कोलंबोचे, अमरावतीचा एक, कॅनडातली एक बाई. आमच्यात एक रीत पडली. सहाव्या वर्षीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी शेत बघायचं नाही, बाजार करायचा नाही. सकाळी नावेत जाऊन बसायचं. ताता या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर नेत राहतो. अंधार पडला की आपण उतरायचं. कुणी ठरवून दिलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरी हेच केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

तर या खेळाचा रीमेक येतोय, आणि त्यात ‘वयाच्या गणितातली जुनी चूक सुधारणार’, अशी बातमी आली, तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा असा सुटला की विचारू नका. त्या व्हिडिओत मी कुणालाही सोडलं नाही. दोन दिवसांनी फोन आला.

“मी हरिप्रिया. रीमेक आमच्या स्टुडिओत होतोय. तू म्हटलंस ते सगळं ऐकलं. येऊन भांड ना, समोर बसून.”

मला कुणी भांडायला आमंत्रण देतं हे नवीनच होतं. स्टुडिओ नुंगंबाक्कममध्ये, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका औषधांच्या दुकानाच्या वर. पाच-सहा पोरं-पोरी, दोन खिडक्या, एक कुरकुरणारा एसी. हरिप्रिया माझ्याच वयाची निघाली. तमिळ आणि इंग्रजीत फाडफाड बोलणारी, मराठीत आली की जरा सावकाश होणारी. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक साठीचे गृहस्थ बसले होते. चौकडीचा शर्ट, खिशाला कंपनीचं ओळखपत्र अजून लटकलेलं.

“हे माझे काका,” हरिप्रिया म्हणाली. “राघोत्तम. खेळ त्यांचाच.”

मी उभीच राहिले. या माणसाने आमचं बालपण घडवलं आणि आम्हाला त्यांचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. सीडीवर छापलेलं नव्हतं. ‘अक्करै’नंतर त्यांनी दुसरा खेळ बनवलाच नाही. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशिनचे प्रोग्रॅम लिहीत राहिले.

“बैस मा, बैस,” लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले. “तूंच ती रागावणारी.”

“मीच. आणि अजून रागावलेली आहे. तुम्ही वयाचं गणित बदलणार आहात?”

“तें गणित नाही, तप्पु अहे. चूक. मी केलेली चूक.”

“चूक कशी असेल? ते तर सगळ्यांत छान—”

“ऐक.” ते हसले नाहीत. “अम्च्या घरीं दोन नवीं वर्षं. चैत्र पाडव्याला कडुलिंबाचं फूल आणि गूळ. मग तमिळ वर्षाला आंब्याची पच्चडी. दोन्हि दिवशीं अप्पांच्या पायां पडायचं, आणि अप्पा दोन्हि दिवशीं म्हणायचे, एक वर्ष मोठा झालास. लहानपणापासून तसंच. मी खेळांत ‘नवं वर्ष’ म्हणून एक गोष्ट लिहिली आणि कॅलेंडरवर दोन दिवशीं लावली. मज काहीच चुकीचं दिसलं नाही.”

“आणि शेषाद्रीकाकांना?” हरिप्रियाने मुद्दाम विचारलं.

“तपासायला तोच होता. त्याच्याहि घरीं दोन पाडवे. त्याला काय दिसणार?”

आता मला हसू फुटलं. बाहेरचा एक माणूस त्या खोलीत असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की अहो, ही पोर वर्षात दोन वर्षांनी कशी वाढली? पण दोघेही तशाच घरातले, दोघेही दोन्ही दिवशी थोरांच्या पाया पडणारे. सीडी मासिकाबरोबर गेल्यावर कुणीतरी वाचकाने चेष्टेचं पत्र छापून आणलं, तेव्हा त्यांना कळलं. आणि तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, की रात्रीतून सगळ्यांकडे दुरुस्ती पाठवली. सीडी गेली ती गेली.

“काका, पण लोकांना ती चूकच आवडते,” मी म्हटलं. “ती काढलीत तर ताता सहाव्या वर्षी जाणार नाही.”

“तेंच तर.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “त्याला जायचंच नव्हतं. वय दुप्पट वाढलं, म्हणून मधेंच गेला. दहावं वर्ष संपतं तेव्हां तो बोलतो.”

“कोण? ओडताता? तो कधीच बोलत नाही.”

“शेवटीं बोलतो. नाव तुज देतो, आणि बोलतो. तो आवाज अम्च्या अप्पांचा अहे. बालाजीराव. घरींच टेपवर घेतला होता, तेव्हां तमिळ नको म्हणाले, आपल्या भाषेंत बोलतों म्हणाले. सीडी निघायच्या आधीं गेले.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वीस वर्षं झालीं मा. कुणीच ऐकलं नाही. कसं ऐकणार? तोपर्यंत ताता जिवंतच नसतो.”

आम्ही वेड्यांनी त्या सीडीची आतडी बाहेर काढून पाहिली होती. आवाजाची एक फाईल सापडलीही होती. जागा वाचवायला त्यांनी ती अशी आवळून ठेवली होती, की आमच्याकडे नुसती खरखर वाजायची. टाकाऊ असेल म्हणून आम्ही ती सोडून दिली.

गणित तसंच ठेवलं तर बापाचा आवाज पुन्हा एकदा कुणी ऐकणार नाही. गणित सुधारलं तर ती पहाट जाणार, ती रिकामी नाव जाणार. दोन्हीपैकी एक. आणि हरिप्रियाला हे त्या आठवड्यातच ठरवायचं होतं, कारण पुढचं सगळं काम त्या कॅलेंडरवर उभं होतं.

“एक बटण देता येईल,” ती म्हणाली. “मूळ खेळ, नाहीतर दुरुस्त खेळ. ज्याला जो हवा तो.”

“तसलं बटण म्हणजे ठरवायचं टाळणं,” मी म्हटलं. जीभ काही आवरत नाही माझी. “मग ताता मेला काय, जगला काय, खेळाडूच्या मर्जीवर. त्याला काय अर्थ?”

“सरि, बरोबर,” राघोत्तमकाका म्हणाले. “यांत ती खरं बोलते.”

मग मी त्यांना आमच्या रीतीबद्दल सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या चेष्टेच्या पत्रानंतर त्यांनी ‘अक्करै’विषयी काही वाचणंच बंद केलं होतं. मी फोनवर एक जुना व्हिडिओ लावला. कॅनडातल्या बाईने आपला तो दिवस रेकॉर्ड करून ठेवला होता. नाव इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. ऊन सरकतं. बाईचं भात उभं आहे, कापणीला आलेलं, ती तिकडे फिरकत नाही.

“ही काय करत्ये?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. बसलीये.”

“कशाला?”

“उद्या तो नसणार, म्हणून.”

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मध्ये एकदाही पुढे सरकवला नाही. मग चष्मा घातला, डब्याची पिशवी उचलली आणि हरिप्रियाला “मी सांगतों” एवढंच म्हणून जिना उतरून गेले. मला वाटलं, दुखावलं मी त्यांना. एग्मोरला घरी जाताना सगळ्या रस्त्याने मला हेच वाटत होतं, की आपण आपला लाडका प्रसंग वाचवायला एका माणसाच्या बापाचा आवाज गाडायला निघालोय. आणि तरीही ती रिकामी नाव माझ्याच्याने सोडवेना.

शनिवारी दुपारी हरिप्रियाचा फोन आला. “ये. काकांनी केलं आहे काहीतरी. मला पण दाखवलं नाही अजून.”

स्टुडिओत सुट्टी होती. आम्ही तिघंच. राघोत्तमकाकांनी मला खुर्ची पुढे केली आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

“काय ठरलं?” मी विचारलं. “दुरुस्ती?”

“दोन पाडवे राहिले,” ते म्हणाले. “वय तसंच वाढतं. सहाव्या वर्षीं ताता जातो.”

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “आणि अप्पांचा आवाज?”

“खेळ ना.”

त्यांनी आदल्या दिवसाची सकाळ लावून दिली होती. नवा खेळ देखणा होता, हे कबूल करायला हवं. पाणी पाण्यासारखं होतं, पण चकचकीत नव्हतं. नारळाच्या सावल्या जुन्या जागी. पोरांनी तातासुद्धा तोच ठेवला होता, तीच पाठ, तेच डोक्याला गुंडाळलेलं पंच्याचं टोक. सवयीने माझी बोटं नावेकडे वळली. मी बसले. ताता वल्हवू लागला.

इकडून तिकडे, तिकडून इकडे. मासा उडाला. काठावर शेळ्या आल्या आणि गेल्या. बाजार उघडला, बंद झाला. पडद्यावर कुठेही बाण नव्हता, पाटी नव्हती, ‘इथे थांबा’ असं काही नव्हतं. उतरायचं बटण पूर्ण वेळ कोपऱ्यात होतं, कुठल्याही काठाला लागलं की उतरता यायचं. हरिप्रिया मागे उभी होती. दुपार सरली, पाण्यावर पिवळं ऊन आलं. आणि नदीच्या मधोमध तातानं वल्हं थांबवलं. इतक्या वर्षांत तो मधोमध कधी थांबला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, या माणसाने काय केलंय ते. त्यांनी आम्हाला आमच्या जागेवरून उठवलं नव्हतं. वीस वर्षं आपापल्या घरी जिथे आम्ही बसत होतो, तिथेच ते वडिलांना घेऊन आले होते. ज्याला घाई आहे, ज्याला भात कापायचंय, त्याला हे कधीच दिसणार नाही आणि त्याचं काही अडणारही नाही. इतका मोठा प्रसंग लपवून ठेवायला छाती लागते. मी कंपन्यांच्या निर्णयांवर तासन्‌तास बोलते, पण इतका शहाणा, इतका मायाळू निर्णय मी एकाही रीमेकमध्ये पाहिलेला नाही. हे मला त्यांना तेव्हाच सांगायचं होतं. पण ताता बोलायला लागला.

आवाज जुना होता, टेपवरचा, थोडा घोगरा.

“सरि. ऊन खालीं गेलं. माझे हात दुखतात आतां. हें वल्हं तूं घे. पाणी वाईट नाही, त्याला भिऊं नको. पलीकडे कोणी थांबलं असेल तर दोन हाका मारूं देऊं नको, पहिल्या हाकेला जा. मी थोडं बसतों.”

एवढंच. पडद्यावर नाव पाण्यात हलत राहिली. माझे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं, संपलं. पण आवाज चालूच होता. कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली. कुणीतरी भांडं ठेवलं. मग तोच म्हातारा आवाज, पण आता तातासारखा नाही, जरा जवळून, जरा लाजल्यासारखा:

“बरं झालं कां रे, राघू? का परत म्हणूं?”

मी वळून पाहिलं. राघोत्तमकाकांचा चेहरा पार उतरला होता. हरिप्रियाने तोंडावर हात ठेवला होता.

“हें… हें मज आठवत नाही,” ते म्हणाले. “मी ऐकलंच नाही मा. लावायच्या आधीं ऐकायचं असतं, माझ्याने झालं नाही. टेप घेतली आणि तशीच्या तशी आंत ठेवली.”

पडद्यावर अंधार पडू लागला होता. ताता वल्हं सोडून बसलेला. अजून थोड्या वेळात रात्र, आणि रात्रीनंतर पाडव्याची पहाट. हरिप्रियाने हळूच विचारलं, “काका, शेवटचं तेवढं कापूं कां?”

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते पडद्याजवळ आले, खुर्चीच्या पाठीला धरून वाकले आणि लहान मुलाने सांगावं तसं म्हणाले, “हो अप्पा. परत म्हणा.”

मी पहाट होऊ दिली नाही. आदल्या दिवसाची सकाळ पुन्हा लावली, आणि आम्ही तिघं परत नावेत जाऊन बसलो.